असईच्या तोफा आणि हॅनोव्हरचा पोलमन

असई म्हटलं की वेलिंग्टन आठवतो. मला मात्र समोरच्या बाजूचा माणूस जास्त खुणावतो. अँथनी पोलमन जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. आधी कंपनीच्या फौजेत सार्जंट, मग शिंद्यांच्या कवायती फौजेत चढत चढत थेट सेनानी. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला शिंद्यांच्या पलटणी त्याच्याच हुकमात होत्या.

हे गाव आता जालना जिल्ह्यात आहे. 1981 पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. वेल्स्लीने पिंपळगावजवळ केळणा ओलांडली आणि मराठी फळीची डावी बगल गाठली. पोलमनने शत्रूच्या डोळ्यांदेखत सगळी फळी काटकोनात वळवली. एवढी शिस्त वेल्स्लीच्या हिशोबात नव्हती.

पण खरी लढाई लढले ते गोलंदाज. इंग्रज फळी तोफा ओलांडून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले हे लोक उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीत मारा सुरू केला. तोफा पुन्हा काबीज करायला वेल्स्लीला स्वतः मागे यावं लागलं. कंपनीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांचं प्रचंड घोडदळ बहुतांशी बघतच राहिलं. (याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.) 98 तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. पोलमन वाचला आणि पुढे पुन्हा कंपनीच्याच चाकरीत गेला.