केकताड, कासरा आणि मार्गारिटा

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. बहिणी, मेहुणे, भाचरे अशी सगळी मंडळी आमच्या बीड जिल्ह्यातल्या घरी जमली होती. संध्याकाळी पुण्याहून आलेला भाचा गच्चीवर लिंबे पिळत बसला. ग्लासाच्या काठावर त्याने लिंबाची फोड फिरवली आणि काठ मिठात टेकवला. मग दोन भाग टकीला, एक भाग संत्र्याचे मद्य, एक भाग लिंबाचा रस आणि बर्फ एका झाकणाच्या भांड्यात घालून खळखळ हलवले. "मामा, ही मार्गारिटा. मेक्सिकोची," तो म्हणाला. मी बाटली हातात घेतली. तिच्यावर एका झाडाचे चित्र होते. जाड, टोकदार, निळसर पाने. मी म्हणालो, "अरे, हे तर आपले केकताड!"

सगळे हसले. पण चित्रातले झाड खरोखरच त्याच कुळातले होते. पुस्तकी मराठीत त्याला घायपात म्हणतात. बालाघाटच्या माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला ते आपण जन्मभर पाहत आलो. त्याच्यापासून काय होते असे विचारले, तर आमच्या पिढीचे उत्तर एकच असे : दोर. दारू हे उत्तर कुणाच्या स्वप्नातही आले नसते. एकाच वनस्पतीची दोन देशांत दोन वेगळी नशिबे कशी झाली, हे शोधण्यात माझे पुढचे वर्ष गेले.

घायपात मूळचे मेक्सिकोकडचे. युरोपीय जहाजांबरोबर ते जगभर पसरले. लिनियसने १७५३ साली त्याला 'अगेव्ह अमेरिकाना' हे शास्त्रीय नाव दिले. अगेव्ह हा शब्द ग्रीक मुळाचा असून त्याचा अर्थ थोर, उदात्त असा आहे. मेक्सिकोत त्याला देवत्वही होते. मायावेल ही तिथल्या प्राचीन लोकांची घायपाताची देवता. ते लोक त्याच्या रसापासून पुल्के नावाचे आंबवलेले पेय करीत आणि पानांच्या तंतूंपासून दोर व कापडही करीत. म्हणजे दोर आणि दारू ही दोन्ही कामे तिथे एकाच झाडाच्या सावलीत चालत. स्पॅनिश लोक आल्यावर तिथे ऊर्ध्वपातनाची भट्टी रुजली आणि पुढे टकीला जन्माला आली.

या दारूचे मर्म झाडाच्या स्वभावात आहे. घायपात आयुष्यात एकदाच फुलते. वर्षानुवर्षे ते बुंध्यात साखरेचा साठा करते आणि अखेरीस दोन-तीन पुरुष उंच दांडा सोडून, फुलून, मरून जाते. मेक्सिकोतला शेतकरी तो दांडा वाढू देत नाही. पाने छाटली की अननसासारखा दिसणारा कंद उरतो. तो भट्टीत भाजला की साठ्याची साखर मोकळी होते. मग तो चिरडायचा, रस आंबवायचा, गाळायचा. टकीलासाठी निळे घायपातच लागते आणि ते तयार व्हायला साधारण सहा-सात वर्षे जातात. १९७४ पासून टकीला या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. २००६ साली युनेस्कोने तिथल्या घायपाताच्या शेतांना आणि जुन्या भट्ट्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

मार्गारिटा मात्र अलीकडची. स्पॅनिशमध्ये मार्गारिटा म्हणजे डेझीचे फूल. ती प्रथम कुणी केली याचे निदान चार-पाच तरी दावेदार आहेत आणि प्रत्येकाच्या कथेत एक वेगळी बाई आहे. १९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या 'एस्क्वायर' मासिकाने तिची कृती छापली, एवढे पक्के. गंमत अशी की तिच्यातला आंबटपणा आपल्या बाजूचा आहे. लिंबू आणि नारंग ही आशियातली फळे. ती अरबांमार्फत स्पेनला आणि स्पेनमार्फत अमेरिकेला गेली. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात. त्यातला आपला संस्कृत 'नारंग' कुणालाही ऐकू येईल. उलट दिशेने तिकडचे सीताफळ आपल्याकडे आले आणि बालाघाटच्या डोंगरात असे रुजले की आज बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. त्या संध्याकाळी गच्चीवर सीताफळाची पाटी आणि मार्गारिटाचा ग्लास शेजारी शेजारी होते.

आता आपल्याकडची कथा. गावगाड्यात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. केकताडाची पाने कापायची, डोहात नाहीतर खड्ड्यातल्या पाण्यात कुजत घालायची, कुजली की दगडावर बडवून, धुऊन वाख मोकळा करायचा, वाळवायचा आणि पिळायचा. कासरा, दावे, म्होरकी, शिंके, मोटेचा नाडा आणि सोंदूर या सगळ्यांवाचून शेती एक दिवस चालत नसे. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर लागे. त्या बदल्यात सुगीला बलुते मिळे. पानाच्या रसाने अंगाला आग सुटे आणि कुजलेल्या पानांच्या वासामुळे काम गावाबाहेर चाले. गावाला दोर हवा होता, वळणारा जवळ नको होता.

मोट गेली, इंजिन आले. नायलॉनचा दोर बाजारात आला. आमच्या गावातली दोर वळणारी घरे एकेक करून उसाच्या फडाकडे वळली. दिवाळी झाली की ती घरे कुलूप लावून कोयता घेऊन निघतात. इतिहास म्हणून त्यांच्या कसबाची नोंद कुठे? त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'सारख्या १९१५ च्या पुस्तकात बलुतेदारीची व्यवस्था सापडते. पण वाख काढणाऱ्या हाताचे नाव सापडत नाही. मार्गारिटाचे दावेदार पाच, आणि कासऱ्याचा एकही नाही.

आमच्या गावात दोर वळणारे एक आजोबा अजून आहेत. पाडव्यानंतर मी बाटलीचे चित्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते दूर धरून पाहिले. "याची दारू व्हती व्हय? मंग आमी नुसतं अंग खाजवतच राह्यलो की!" ते हसले. मग म्हणाले, दांडा निघायच्या आत पान तोडायचं, नंतरच्या पानाचा वाख कच्चा. मी चपापलो. मेक्सिकोचा शेतकरी जी वेळ साधतो, तीच वेळ हेही साधत होते. तो साखरेसाठी, हे दोरासाठी.

डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून मद्य तयार करून २०११ मध्ये गोव्यात बाजारात आणले. टकीला हे नाव मेक्सिकोपुरते राखीव असल्याने त्याला टकीला म्हणता येत नाही. म्हणजे आपल्या बांधावरच्या झाडाला आता तेही मोल आले आहे. उद्या बीडच्या माळावर कुणी त्याची लागवड करील, बाटलीवर सुंदर चित्र छापील. घरी भट्टी लावणे आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे हा धंदा परवाना आणि भांडवल असणाऱ्यांचाच राहील. तेव्हा या झाडाची ओळख पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घरांना त्यात काय मिळेल, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाला एवढेच करता येते. आजोबांनी सांगितलेले दोरांचे सोळा प्रकार मी वहीत उतरवले आहेत. त्यातल्या पाचांची नावे मला आधी ठाऊकच नव्हती. वाचकांनी या सुटीत आपापल्या गावी एक काम करावे. दोर कोण वळत असे, ते विचारावे आणि त्याचे नाव लिहून ठेवावे. फडाची गाडी निघण्याआधी.