खाऱ्या वाऱ्यातली चेन : सायकलच्या दोषनिदानाची पद्धत

न्हावा शेवाकडे सायकलची चेन लवकर जाते, ही तक्रार खरी आहे. खाडीवरून येणारा वारा मिठाचे कण आणतो. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, तेव्हापासून कंटेनरच्या ट्रेलरांनी उडवलेल्या धुळीची त्यात भर पडली. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच चेनवर होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि पाऊस नसतानाही चेन ओली राहते. वरून तेल सोडलं की धूळ त्यात कालवली जाते आणि हा लगदा पिना घासत राहतो.

पण म्हणून प्रत्येक दोष चेनच्या माथी मारू नये. कष्टकऱ्याच्या खिशातून नव्या चेनचे पैसे जातात आणि खटका तसाच राहतो, हे मला फार खटकतं. पाना हातात घेण्याआधी खटक्याची लय मोजावी.

समजा, पुढच्या चक्राला ४४ दात आहेत, फ्रीव्हीलला १८ आणि चेन ११० कड्यांची आहे. पॅडलच्या एका फेऱ्यात चेन ४४ कड्या सरकते, म्हणजे तिचा पूर्ण वेढा अडीच फेऱ्यांनी होतो. झटका दर अडीच फेऱ्यांनी येत असेल तर एखादी कडी जाम आहे. पॅडल सावकाश उलटं फिरवलं तर ती दिसते : दातांवरून सुटल्यावर सरळ न होता वाकडीच राहते. आडवी थोडी हलवून तेलाचा थेंब दिला की बहुधा मोकळी होते. दर फेऱ्याला एकदाच ‘टक’ होत असेल तर चेनकडे बघायचं कारण नाही. साध्या सायकलीत आधी क्रँक घट्ट धरणारी कॉटर पिन तपासावी, मग पॅडल. मागचं चाक मात्र याच हिशेबाने एका फेऱ्यात २.४४ वेळा फिरतं. पॅडल थांबवून सायकल घरंगळू दिली तरी आवाज येत राहिला, तर फ्रीव्हीलची नेहमीची टिकटिक वगळता तो चाकाचा.

लय नसलेला, चढावर जोर लावतानाच येणारा दोष जास्त फसवा. त्याचे दोन प्रकार. चेन दातांवरून उडी मारते, किंवा चेन जागेवर असते पण फ्रीव्हीलच्या आतली ‘कुत्री’ (दातांत अडकणाऱ्या छोट्या जिभा) अडकत नाहीत आणि पाय एकदम मोकळा जातो. दुसऱ्या प्रकारात चेन बदलणं व्यर्थ आहे. पहिल्यात चेनला स्टीलची मोजपट्टी लावावी. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो, पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन थोडी झिजते आणि ती झीज बेरजेने वाढते. दीड मिलिमीटर वाढ झाली की गिअरच्या सायकलीची चेन बदलायच्या बेताला आली, साधी सायकल तीनपर्यंत चालवून घेते. त्यापुढे ढकललं तर दातही त्याच मापाने झिजतात. मग नवी चेन सर्वांत जास्त वापरलेल्या चकतीवर घसरते, आणि फ्रीव्हीलही बदलावं लागतं.

गिअर पडत नसतील तर आधी दिशा बघावी. मोठ्या चकतीवर चेन चढत नसेल तर वायर सैल असते; बॅरल ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवावा. लहान चकतीवर उतरायला उशीर होत असेल तर वायर जास्त ताणलेली असते किंवा तिच्या नळीत गंज असतो. खाऱ्या हवेत हा दुसरा दोष आधी दिसतो, कारण वर चढवताना बोटाचा जोर असतो, उतरवायला मात्र डिरेलरची एकटी स्प्रिंग. वायर पूर्ण सोडून हाताने नळीत पुढेमागे ओढावी. ती कचकचत असेल तर कितीही ॲडजस्ट केलं तरी उपयोग नाही. वायर आणि नळी दोन्ही बदलावीत. लहान चकत्या जुळवल्या की मोठ्या बिघडतात, मोठ्या जुळवल्या की लहान, असं चाललं असेल तर सायकल उजव्या बाजूला पडून डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलेला असतो. डिरेलरच्या दोन लिमिट स्क्रूंना या सगळ्यात हात लावू नये. चेन स्पोकमध्ये किंवा फ्रेमच्या फटीत पडत असेल तेव्हाच त्यांचं काम.