वरची पंगत कुठे गेली? : कॅमेऱ्याचं शटर आणि पुराव्याचा इतिहास



मागच्या लेखात आपण संशोधन आराखडा कसा लिहायचा ते पाहिलं. आज विषय थोडा वेगळा आहे, कॅमेऱ्याच्या शटरचा. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या विद्यार्थ्याला शटरशी काय करायचंय? मलाही तसंच वाटायचं. पण माझ्या एका प्रकरणातला आकडा चुकला तो या शटरमुळे. वेळेत लक्षात आलं नसतं, तर तो आकडा प्रबंधात छापून गेला असता.

प्रसंग हिवरा आश्रमचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं हे गाव. शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम उभा केला. दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सव भरतो आणि शेवटच्या दिवशी महाप्रसाद असतो. मोकळ्या शेतात पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते आणि स्वयंसेवक वाढत जातात. एवढ्या मोठ्या पंगतीचं नियोजन कसं होतं, ओळी कशा आखतात, ट्रॅक्टरला वाट कुठून ठेवतात, हे मला फोटोंवरून मोजायचं होतं. उंच जागेवरून दुपारी फोटो काढले, घरी आलो, ओळी मोजल्या आणि लिहून टाकलं : एका भागात अकरा ओळी.

मॅडमनी मसुदा वाचला, फोटो पाहिले आणि एकच विचारलं, "हे फोटो वरून कापलेत का? वरची पंगत कुठे गेली?"

खरंच कापले होते. दुपारच्या प्रत्येक फोटोच्या वरच्या कडेला एक काळपट पट्टा आला होता. मला वाटलं मंडपाची सावली पडली असेल. छान दिसत नाही म्हणून पट्टा कापला आणि उरलेल्या फोटोत ओळी मोजल्या. नंतर एका स्वयंसेवकाने त्याच जागेवरून मोबाइलवर काढलेला फोटो मिळाला. त्यात ओळी बारा होत्या. बारावी ओळ माझ्या फोटोत अंधारात गेली होती आणि मी तिला कात्री लावली होती.

आधी दुखणं समजून घेऊ

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढे पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो, उजेड आत येतो. ठरलेल्या वेळाने दुसरा पडदा त्याच्या मागोमाग येतो आणि उजेड बंद करतो. वेग जास्त असेल तर पहिला पडदा शेवटाला पोचायच्या आधीच दुसरा निघालेला असतो. म्हणजे पूर्ण सेन्सर एकाच क्षणी कधीच उघडा नसतो. दोन पडद्यांमधली एक अरुंद फट सेन्सरवरून झरकन फिरून जाते.

आता हिशोब करा. वेग १/२००० सेकंद म्हणजे अर्धा मिलिसेकंद. पहिला पडदा धुळीने किंवा झिजेने शेवटाला ०.४ मिलिसेकंद रेंगाळला, तर तिथे उजेडाला उरतात फक्त ०.१ मिलिसेकंद. पाचपट कमी उजेड, म्हणजे काळा पट्टा. हाच कॅमेरा १/१२५ वर ठेवा. तो वेळ ८ मिलिसेकंद. त्यातून ०.४ गेले तर डोळ्याला कळतही नाही. म्हणून माझे संध्याकाळचे फोटो स्वच्छ होते आणि भर उन्हातले बिघडलेले. वेग मी कॅमेऱ्यावर सोडला होता, आणि उन्हात त्याने तो आपोआप वाढवला होता.

पट्टा वरच का आला? कारण भिंगातून सेन्सरवर पडणारी प्रतिमा उलटी असते. पडदे सहसा वरून खाली धावतात. त्यांचा शेवट सेन्सरच्या तळाशी होतो आणि तळ म्हणजे दृश्याची वरची बाजू. सावली असती, तर ती दृश्यातल्या एखाद्या वस्तूच्या आकाराची असती आणि मी जागा बदलली की हलली असती. माझा पट्टा मात्र प्रत्येक फोटोत सरळ आणि त्याच जागी होता. एवढं आधी पाहिलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

तपासणी कशी करायची

क्षेत्रकार्याला निघायच्या आदल्या दिवशी, घरीच, अर्ध्या तासात हे होतं.

१. दिवसाच्या उजेडात एका पांढऱ्या भिंतीसमोर बसा. फ्लॅश बंद ठेवा. वेग हाताने ठरवा : १/६०, १/१२५, १/५००, १/२०००, आणि कॅमेऱ्याचा सगळ्यात जास्त वेग. प्रत्येक वेगावर चार-पाच फोटो काढा. छिद्र आणि आयएसओ असे बदला की उजेड सारखाच राहील.

२. फक्त जास्त वेगाला पट्टा येत असेल तर संशय शटरवर. सगळ्या वेगांना सारखाच अंधार असेल तर आधी भिंग, हूड आणि फिल्टर पाहा.

३. भिंग बदलून तेच पुन्हा करा. पट्टा तसाच राहिला तर दोष बॉडीत आहे.

४. फ्लॅश लावल्यावरच पट्टा येतो का? मग हा बिघाड नाही. फ्लॅश क्षणभरच चमकतो आणि त्या क्षणी पूर्ण सेन्सर उघडा असावा लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० च्या आसपास असते. तिच्यापेक्षा वेग वाढवला तर चांगल्या कॅमेऱ्यातही पट्टा येणारच.

५. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली आडवे पट्टे येतात का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे सहसा जातात. अभिलेखागारात हा त्रास फार होतो, आणि लोक उगाच कॅमेऱ्याला दोष देतात.

६. शटर दबतच नाही आणि पडद्यावर एरर येतो? आधी बॅटरी पूर्ण भरा, दुसरं कार्ड घालून पाहा, भिंग काढून त्याचे धातूचे संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

पात्यांना बोट लावू नका, आणि हवेचा जोराचा फवारा तर अजिबात नको. ती पाती वाकली की दुरुस्ती नाही, बदलीच. गावात असताना शटरने दगा दिला तर एकच तात्पुरता उपाय. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर असेल तर ते चालू करा. त्यात पडदे हलतच नाहीत, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. कागदपत्रं, शिलालेख, मूर्ती यांना ते चालतं. चालत्या ट्रॅक्टरला मात्र जपून. का, ते पुढे सांगतो.

शटर नव्हतं तेव्हा

आता इतिहासाकडे येऊ. सुरुवातीच्या छायाचित्रणात शटर नावाची वस्तूच नव्हती. भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. दागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात गाड्या नाहीत, घोडे नाहीत, गर्दी नाही. बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा दिसतो, कारण तो बराच वेळ एका जागी उभा होता. बाकीचे सगळे चालत राहिले म्हणून चित्रातून गेले.

हे आपल्या भागालाही लागू आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती रंगवत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. अजिंठा-वेरूळबरोबर लोणारची मंदिरंही त्याने टिपली, म्हणजे हिवरा आश्रमपासून फार लांब नाही. त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ साली लंडनला छापली गेली. दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याने वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या बहुतेक प्रती जळाल्या. छायाचित्रं मात्र उरली.

तेव्हाची पद्धत ओल्या कोलोडियनची. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच चित्र घ्यायचं, लगेच अंधारात धुवायचं. एका चित्राला काही सेकंद सहज लागायचे. त्या काळातली मंदिरांची छायाचित्रं बघताना आपण पटकन लिहितो, "मंदिर तेव्हा ओसाड होतं." थांबा. ओसाड होतं, की माणसं हलत होती म्हणून उमटली नाहीत? एखाद्या कोपऱ्यात धुरासारखा डाग दिसतो, तो कदाचित चालणारा माणूस असेल. उत्तर फोटोत मिळणार नाही. त्यासाठी महसुलाचे कागद, प्रवासवर्णनं, गॅझेटियर चाळावं लागेल.

वेग आला, नवी चूक आली

१८७० नंतर कोरड्या काचा आल्या. सेकंदाचा छोटासा भागही पुरायला लागला. एवढ्या कमी वेळात हाताने टोपी कशी उघडणार? म्हणून यांत्रिक शटर आलं. सरकत्या फटीचं शटर, म्हणजे आपल्या पडद्यांचं आजोबा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला चांगलं रुळलं होतं. त्यासोबत नवी गंमत सुरू झाली. फ्रान्सच्या लार्तिगचं १९१२-१३ च्या सुमाराचं शर्यतीच्या गाडीचं छायाचित्र शोधून बघा. गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि कडेचे प्रेक्षक उलट बाजूला कललेत. फट सरकत असताना गाडी पुढे गेली आणि लार्तिगने कॅमेराही गाडीबरोबर फिरवला, म्हणून असं झालं. आजच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये चालता ट्रॅक्टर तिरका दिसतो तो याच कारणाने. शंभर वर्षांत यंत्र बदललं, खोड तीच राहिली.

त्याच वर्षांत आपल्याकडे दादासाहेब फाळके काय करत होते? १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. पैसे लावायला कुणाला पटवायचं, तर आधी काहीतरी दाखवावं लागणार. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि थांबून थांबून एकेक फ्रेम घेतली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात झाली. 'अंकुराची वाढ' ती हीच. शटर कधी उघडायचं आणि कधी उघडायचं नाही, यावर त्यांनी काळच दाबून लहान केला. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लागला, ते सगळ्यांना माहीत आहे.

कोल्हापूरची गोष्ट आणखी जवळची. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांना सिनेमा काढायचा होता, पण परदेशी कॅमेरा परवडण्यातला नव्हता. मग यंत्र समजून घेऊन आपणच घडवायचं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम सोडलं नाही आणि १९१८ साली देशी कॅमेरा तयार झाला. त्याच कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. तशा कॅमेऱ्यात शटर म्हणजे फिरती तबकडी. फिल्म सरकत असताना ती उजेड अडवते, फिल्म थांबली की सोडते. दोन्हींचा मेळ जरा चुकला की चित्र ओघळतं. बाबूरावांना कोणत्याही कंपनीचं सर्व्हिस सेंटर नव्हतं. बिघडलं तर आपणच उघडायचं, कारण आपणच जोडलंय.

तुम्ही कॅमेरा खोलावा असं मी म्हणत नाही. पण आपलं साधन कुठे खोटं बोलू शकतं, एवढं तरी माहीत हवं. जुनी बखर वाचताना आपण विचारतो की लिहिणारा कोण, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं. स्वतः काढलेल्या फोटोला मात्र एकही प्रश्न विचारत नाही.

मी काय बदललं

मूळ फाइल आता मी कधीच कापत नाही. सुधारणा करायची तर प्रतीवर, आणि काय केलं ते वहीत लिहून. हिवरा आश्रमचे ते फोटो पट्ट्यासकट ठेवलेत. सॉफ्टवेअरमध्ये पट्टा थोडा उजळता येतो, आणि उजळल्यावर बाराव्या ओळीतली माणसं अंधुक दिसतातही. प्रबंधात तो फोटो "उजळलेली प्रत" अशा नोंदीसह जाईल, शेजारी स्वयंसेवकाचा फोटो, त्याच्या परवानगीने. क्षेत्रकार्याच्या वहीत एक रकाना वाढला : कॅमेरा, वेग, शटरचा प्रकार, दिसलेला दोष. आणि गर्दी मोजायची असेल तर एका साधनावर विसंबायचं नाही.

अकराचे बारा झाले, एवढ्याने काय बिघडलं असतं, असं एका मित्राने विचारलं. शेतातल्या त्या ओळीत माणसं बसली होती. त्यांच्या पानात पुरी पडली होती, त्यांनाही कुणीतरी वाढलं होतं. माझ्या लेखी ती आलीच नव्हती.

या रविवारी पांढऱ्या भिंतीची परीक्षा करून बघा. पट्टा निघाला तर घाबरू नका, जुने फोटो काढा आणि त्यांच्यावरून काय काय लिहिलंय ते एकदा तपासा. पुढच्या लेखात मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलू.