सटवाईचा लेख

बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, शेजारी कोरा कागद व लेखणी ठेवायची, ही रीत महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे. कळसूबाईच्या पायथ्याशी वसलेल्या अकोले तालुक्यातील वाड्यावस्त्याही तिला परक्या नाहीत. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. तो लेख कोणाला वाचता येत नाही, पुसताही येत नाही. बाळ झोपेत हसले की सटवाई त्याला हसवते आहे, असे आजीबाई सांगतात.

सटवाई म्हणजे मुळातील षष्ठी, सहाव्या दिवसाची देवता. जी लिहिते तीच बाळाला राखते आणि कोपली तर नेतेही. म्हणून तिच्याविषयी माया आणि धास्ती दोन्ही.

ग्रीकांनी हे काम तीन बहिणींकडे सोपविले होते. क्लोथो आयुष्याचे सूत कातते, लाखेसिस प्रत्येकाचा वाटा ठरविते आणि आत्रोपॉस तो धागा तोडते. माणसाला जन्मतःच बरेवाईट वाटून देणाऱ्या या देवतांची नावे हेसिअडने नोंदविली आहेत. त्यांच्यापुढे देवांचेही फारसे चालत नसे. होमरच्या 'इलियड'मध्ये आपला पुत्र सार्पेडॉन मरणार हे झ्यूसला ठाऊक असते. त्याला वाचवावे असे मनात येऊनही हेराच्या बोलण्यापुढे तो नमतो आणि पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो. देवांच्या राजाची एवढी हतबलता!

ग्रीक देवता सूत कातते, आपली लिहिते. पण लिहिणारी देवता रोमन जगातही होती. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या आरंभी आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात सांगतो, की मूल जन्मले की आठवडाभर जूनो देवीसाठी मेज मांडले जाई आणि शेवटच्या दिवशी भाग्य लिहिणाऱ्या देवतेला पाचारण होई. अकोल्याच्या सुईणीला हे वर्णन परके वाटले नसते.

दैव या कल्पनेचा समाचार संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पाचव्या भागात घेतला. देवाच्या इच्छेलाच कोणी दैव म्हणत असेल, तर अर्थ राहू द्यावा, शब्द सुधारावा, असा त्यांचा सल्ला. गोव्यातील इन्क्विझिशनपाशी एवढा धीर नव्हता. 1736 च्या फर्मानाने तिने नवख्रिस्ती घरांतील अनेक चालींवर बंदी घातली. जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचा जागर त्यातच होता. फर्मान काढणाऱ्यांना देवी दिसली, आईची भीती दिसली नाही, असे मला वाटते.

कारण ती भीती खरी होती. मळकट विळ्याने नाळ कापली की होणारा धनुर्वात साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात प्रकटतो. धडधाकट जन्मलेले मूल अचानक दूध ओढेनासे होई, अंग ताठे, आणि दोन दिवसांत संपे. लोक म्हणत, सटवाईने तेवढेच लिहिले होते. हे म्हणणे दुःख सोसायला उपयोगी पडले. नाळ कशाने कापली, हा प्रश्न मात्र त्याने पिढ्यान्‌पिढ्या कोणाला विचारू दिला नाही. पुढे गर्भवतीला लस मिळू लागली, स्वच्छ पाते आले. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील माता व नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित केले.