चौलला जायचं तर आगोटीला

चौलला कधी जावं, असं विचारलंत तर आज कुणीही सांगेल, दिवाळी झाली की निघा. ऊन सोसवतं, हवा कोरडी असते, अलिबागहून अंतर जेमतेम सतरा किलोमीटर, मार्गशीर्षात दत्ताच्या टेकडीवर मोठी जत्रा भरते. सगळं खरं. पण आपण जाणार आहोत साडेपाचशे वर्षं मागे, १४६९च्या सुमाराला. तेव्हाच्या चौलला महिना वारा ठरवतो.

आश्विनात आलात तर घामानं निथळाल. आभाळ धुतलेलं असतं, वारा पडलेला असतो आणि ओल्या जमिनीतून वाफ निघत असते. पौष-माघात पहाटे डोंगराकडून मतलई वारा सुटतो, तेवढ्यापुरती शाल लागते. पण बंदर परदेशी गलबतांनी भरलेलं असतं आणि तुम्हाला टेकायला पडवीसुद्धा मिळायची नाही. श्रावणात येऊच नका. तेव्हा बंदरच नसतं. पाणी असतं, काठ असतो, शिडं मात्र एकही नाही.

माझं ऐकाल तर आगोटीला या. मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस. चार महिन्यांचं सगळं आयुष्य या पंधरा दिवसांत कोंबायचं असतं आणि ते होताना तुम्हाला उघड्या डोळ्यांनी पाहता येतं.

निघायचं? अंगातला शर्ट काढून ठेवा, इथे कुणी घालत नाही. आता खोल श्वास घ्या. आधी नाकच पोचतं तिथे.

बोंबील! वलांड्यांवरचे शेवटचे बोंबील उतरवायची घाई चाललीय. बायका कडकडीत वाळलेल्या जोड्या काढून करंड्यात दाबून भरताहेत, बोटांना मीठ चिकटलेलं, पायाखाली सुकटीचा चुरा. त्या वासात मागून दुसरा मिसळतो, राब भाजल्याचा. शेतांत पालापाचोळा, शेण, काटक्या पेटवल्यात, धूर पोफळीच्या वाड्यांत अडकून बसलाय. आणि तिसरा वास थेट पुढून येतो, घोड्यांचा.

बाजूला व्हा! होर्मुझहून आलेलं गलबत खाडीत लागलंय. कित्येक आठवडे दाटीवाटीनं उभे राहिलेले घोडे जमिनीवर उतरताहेत. पहिला घोडा वाळूवर पाय टेकतो आणि त्याला जमीनच हलल्यासारखी वाटते. मोतद्दार त्याच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत उभा राहतो. हात लावून पहा. कातडी थरथरतेय, आयाळीत मिठाचे कण आहेत. संध्याकाळी त्याच्यापुढे साखर-तेल घातलेली शिजवलेली खिचडी येईल, तिच्याकडे आशेनं पाहू नका. इथे घोडा माणसापेक्षा महाग आहे.

गर्दीत एक गोरा, दाढीवाला, भांबावलेला माणूस दिसला का? रशियातल्या त्वेरचा व्यापारी, अफनासी निकितिन. ईस्टर उलटल्यावर होर्मुझहून निघाला, सहा आठवडे समुद्रात काढले, म्हणजे पोचला तो ऐन पावसाच्या तोंडावर. त्याच्याजवळही विकायला एक घोडा आहे. अर्धं चौल त्याच्या मागून चाललंय, इतका गोरा माणूस त्यांनी पाहिलेला नाही; आणि तो त्यांच्या उघड्या अंगांकडे, एकेरी वेणीकडे तितक्याच नवलानं बघतोय. हे सगळं तो पुढे लिहून ठेवणार आहे. मला फार जवळचा वाटतो हा माणूस. घरापासून इतक्या लांब येऊनही त्याचं लक्ष घोडे काय खातात इकडे होतं.

खाडीपलीकडे कोर्लईची टेकडी दिसते, नुसती झाडी. किल्ला शोधू नका. अलीकडे रेवदंड्याची तटबंदीही नाही. पोर्तुगीजांना इथे पाया खणायला अजून पन्नास वर्षं आहेत. त्यामुळे जेवताना मिरचीही मागू नका, तीसुद्धा त्यांच्याच गलबतांतून यायचीय. भात घ्या, वर मिरी आणि आमसूल घातलेलं माशाचं कालवण. जीभ भाजत नाही, घसा हळूहळू तापतो. केळीच्या पानावरून ओघळ मनगटापर्यंत येतो तो चाटून टाका, सगळे तसंच करतात.

दुपारी मात्र सावली सोडू नका. या किनाऱ्यावर वैशाख-ज्येष्ठातही पारा बत्तीस-तेहतिसाच्या आसपासच थांबतो, पण हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही. अंगावर ओलं कांबळं टाकल्यासारखं होतं. अशातही माणसं घरांवर चढलीत. शाकारणी चाललीय: खालून पेंढा आणि झावळ्या फेकायच्या, वरच्यानं झेलायच्या, काथ्यानं आवळायच्या. आत धान्य, मीठ, सुकी मासळी, सरपण. कोरडं सरपण ज्याच्याकडे, त्याचा आषाढ सुखाचा. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि तरी एखाद्या वर्षी तो रुसतो. आजही चौलच्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे; पावसानं फारच ओढ दिली की ते उघडायची रीत.

चला, किनाऱ्यावर. समुद्राकडे नीट बघा. कालपर्यंत निळा होता, आज मातकट झालाय. वारा अजून फारसा नाही, तरी नैर्ऋत्येकडून लांबलचक लाटा यायला लागल्यात. नाखवा बराच वेळ उकिडवा बसून त्याच मोजत होता. आता तो उठतो आणि दोर तुमच्या हातात देतो. पाहुणा असलात तरी सुटका नाही.

गलबताखाली ओंडके घातलेत. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्यानं शिवलेल्या आहेत. टाक्याटाक्यावर माशाच्या तेलाचा तवंग. तीस-चाळीस माणसं एका दमात ओढतात, ओंडका करकरतो, गलबत हातभर वर सरकतं. मागचा ओंडका काढून पोरं तो पुढे आणून टाकतात. पुन्हा दम. तुमच्या तळहाताची साल निघते, शेजारच्याच्या कोपराचा घाम तुमच्या खांद्यावर पडतो.

मग एकदम थंड झुळूक येते. सगळे थांबतात. कोर्लईची टेकडी दिसेनाशी होते, पाण्यावरून पांढरा पडदा सरकत येतो आणि पहिला टपोरा थेंब तापल्या वाळूत खड्डा पाडतो. मातीचा वास उठायच्या आत दुसरा, मग दहावा, मग मोजणं संपतं. बायका करंड्या डोक्यावर घेऊन पळत सुटतात. पोरं उलट समुद्राच्या दिशेनं.

तुम्ही भिजत भिजत नाखव्याला विचारता, परत जायला गलबत कधी?

तो शेवटची गाठ आवळतो, झावळी ओढून घेतो. “आता पुनवेनंतर,” म्हणतो. नारळी पुनवेनंतर. “दोर धर, अजून एक ओढायचंय.”