त्राटक : एका शब्दाचा आणि एका ज्योतीचा प्रवास

ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात चालणाऱ्या योगवर्गांत मेणबत्तीच्या ज्योतीवर दृष्टी स्थिर करण्याचा अभ्यास पुष्कळ ठिकाणी करून घेतला जातो. त्याला ‘त्राटक’ म्हणतात, मनःशांती आणि एकाग्रता हे त्याचे फळ सांगतात, आणि ही क्रिया फार प्राचीन आहे असेही बहुधा जोडून देतात. यांतील प्राचीनतेचा भाग तपासून पाहण्याजोगा आहे.

सुमारे पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त, दुसऱ्या उपदेशात, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली व कपालभाती अशी षट्कर्मे येतात. त्राटकाचे लक्षण तेथे अगदी थोडक्यात आहे : निश्चल दृष्टीने, सावधान चित्ताने, अश्रू येईपर्यंत सूक्ष्म लक्ष्याकडे पाहावे. दिव्याचा उल्लेख नाही, मेणबत्तीचा तर नाहीच. फळ म्हणून नेत्ररोग आणि तंद्रा यांचा नाश सांगितला आहे. शिवाय मेद व कफ अधिक असणाऱ्यानेच षट्कर्मे आधी करावीत, इतरांनी करू नयेत, असेही ग्रंथकार बजावतो. पुढे ‘घेरंडसंहिते’त त्राटकाने शांभवी सिद्ध होते व दिव्य दृष्टी लाभते असे म्हटले आहे, पण तेथेही लक्ष्य ‘सूक्ष्म’ एवढेच. म्हणजे मुळात ही शरीरशुद्धीची क्रिया होय. आज वर्गांत जे चालते ते पातंजल परिभाषेत धारणेच्या, म्हणजे चित्त एका स्थानी बांधण्याच्या, अधिक जवळचे आहे. नाव शुद्धिक्रियेचे आणि कार्य धारणेचे, असा हा अर्थपालट आहे.

मग ज्योत आली कोठून? गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवाऱ्यातील दिव्याची उपमा दिली आहे. उपमानच पुढे आलंबन झाले असावे, असे आमचे मत आहे. हे अनुमान आहे, प्रमाण नव्हे. अर्वाचीन काळी मात्र साखळी अधिक स्पष्ट दिसते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रिया प्रयोगशाळेत आणल्या. त्याच संस्थेने 1970 साली ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्ती काढली. मुंगेर येथील स्वामी सत्यानंदांच्या परंपरेने ज्योतित्राटकास गृहस्थांच्या नित्याभ्यासात स्थान दिले. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ व श्री अंबिका योग कुटीर यांसारख्या संस्थांनी नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या सामान्य माणसाला योग शिकविला. 1853 साली ठाण्यापर्यंत आणि 1854 साली कल्याणपर्यंत पोहोचलेल्या आगगाडीने जो नोकरदार वर्ग येथे वसविला, त्याला मेद-कफापेक्षा दिवसाअखेरच्या शिणाची चिंता अधिक. तेव्हा क्रियेचा हेतू पालटला यात नवल नाही.

शब्दांकडेही पाहावे. ‘त्राटक’ ऐकताच मराठी कानाला ‘टक लावणे’, ‘एकटक’ ही रूपे आठवतात. पण तेवढ्यावरून व्युत्पत्ती सांगणे धाडसाचे ठरेल, कारण ‘त्रा’चा उलगडा त्याने होत नाही. (‘त्राटिके’शी संबंध लावणारेही आम्हांस भेटले आहेत. त्यांना नमस्कार.) ‘मेणबत्ती’चे तसे नाही. ‘मेण’ हे ‘मदन’, प्राकृत ‘मयण’, यापासून आलेले आपले रूप. ‘बत्ती’ मात्र परके, कारण संस्कृत ‘वर्ति’चे मराठीत ‘वात’ होते, आरंभीचा ‘व’ टिकतो, आणि ‘ब’ हिंदीकडून येतो. निरांजनात वात असते, मेणात बत्ती. आणि त्राटकासाठी आज दोन्ही चालतात.

डोंबिवलीतील एका वर्गात आम्ही स्वतः हा अभ्यास पाहिला. ज्योत हलू नये म्हणून भर वैशाखात पंखा बंद केला होता. शिक्षकांनी डोळ्यांचा विकार असलेल्यांना आधीच बाजूला बसविले, आणि अश्रू येण्यापूर्वीच सर्वांना डोळे मिटावयास सांगितले. ग्रंथातील मर्यादा ओलांडण्याऐवजी तिच्या अलीकडेच थांबण्याची ही रीत कोणत्या पोथीत आहे, असे विचारता ते म्हणाले, “पोथीत नाही. सकाळी सहाची गाडी पकडायची असते ना मंडळींना.”