फ्लोरा ससून : पेढी, कुटुंब आणि ज्यू समाज यांना वाहिलेले आयुष्य

प्रस्तावना :

मुंबई व पुणे येथील नागरिकांना ससून हे नाव नवे नाही. कुलाब्याची ससून गोदी, काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालय, पुण्याचे ससून रुग्णालय आणि पुणेकर ज्याला 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग या वास्तूंमुळे हे घराणे महाराष्ट्राच्या नागरी इतिहासाचा एक भाग बनले आहे. तथापि या वास्तूंवरील कोनशिला पुरुषांचीच नावे सांगतात. याच घराण्यातील एका स्त्रीने १८९४ ते १९०१ या काळात आंतरराष्ट्रीय व्यापार करणाऱ्या पेढीचा मुंबईतील कारभार सांभाळला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखात फ्लोरा ससून यांच्या सुमारे आठ दशकांच्या आयुष्याचा आढावा घेऊन, कुटुंबनिष्ठा व समाजनिष्ठा या परंपरेने स्त्रीवर सोपविलेल्या कर्तव्यांतूनच त्यांचे सार्वजनिक कर्तृत्व कसे उभे राहिले, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

घराण्याची पार्श्वभूमी :

घराण्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून (१७९२-१८६४) हे बगदादचे. तेथील सत्ताधाऱ्यांच्या जाचाला कंटाळून त्यांनी बगदाद सोडले आणि इराणच्या आखातावरील बुशहर बंदरमार्गे १८३० च्या दशकाच्या प्रारंभी ते मुंबईत आले. कापूस, कापड व अफू यांच्या व्यापारावर त्यांनी पेढी उभी केली. शांघाय, हाँगकाँग, कलकत्ता व लंडन येथे तिच्या शाखा निघाल्या आणि त्यांवर मुलांची नेमणूक झाली. पेढीचा अंतर्गत पत्रव्यवहार बहुतांशी हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेत चाले. त्यामुळे तो परक्यांना वाचणे कठीण होते. घर आणि पेढी या दोन स्वतंत्र गोष्टी नव्हत्या, ही बाब फ्लोरा यांचे आयुष्य समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

फ्लोरा यांचा जन्म १८५० च्या दशकात मुंबईत झाला. घरातील त्यांचे नाव फरहा. त्यांची आई अझीझा ही डेव्हिड ससून यांचे ज्येष्ठ पुत्र अब्दुल्ला ऊर्फ सर अल्बर्ट ससून यांची कन्या, तर वडील इझिकेल गब्बाय हे बगदादी ज्यू व्यापारी. बगदादहून आलेल्या विद्वानांकडून त्यांना धर्मग्रंथांचे शिक्षण मिळाले. त्या काळात ज्यू मुलींना असे शिक्षण क्वचितच मिळत असे. हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी व फ्रेंच या भाषा त्यांना अवगत होत्या. १८७६ मध्ये त्यांचा विवाह डेव्हिड ससून यांचे पुत्र सॉलोमन यांच्याशी झाला. म्हणजे नात्याने पती हे त्यांच्या आजोबांचे सावत्र बंधू होते. घराण्याची मालमत्ता व धर्माचार घराण्यातच राहावेत, ही व्यापारी समाजाची दृष्टी अशा विवाहांमागे दिसते. या दांपत्यास डेव्हिड हा पुत्र आणि रेचल व मोझेल या दोन कन्या झाल्या.

पेढीचा कारभार (१८९४-१९०१) :

सॉलोमन यांचे बंधू एकामागून एक इंग्लंडमध्ये स्थायिक होऊ लागले होते. अल्बर्ट यांना १८९० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. ब्रिटिश राजघराण्याशी व उच्चभ्रू समाजाशी या मंडळींचा स्नेह वाढला आणि मुंबईच्या पेढीचा प्रत्यक्ष भार सॉलोमन यांच्यावर पडला. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तीन मुलांची आई असलेल्या फ्लोरा यांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली. पतीच्या हयातीतच त्यांना व्यवहाराची माहिती झाली होती, त्यामुळे हा निर्णय केवळ शोकातून आलेला नव्हता.

काळ मात्र अनुकूल नव्हता. चांदीचे भाव घसरत होते. १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीची नाणी पाडून देण्याचे बंद केल्याने चीनशी होणाऱ्या व्यापारातील हुंडणावळीची गणिते बदलली. त्याच वर्षी अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. १८९५ च्या अहवालात आयोगाने व्यापारावर बंदीची शिफारस केली नाही, तरी त्यावरील नैतिक टीका थांबली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली व गिरणी कामगार हजारोंच्या संख्येने शहर सोडून गेले. अशा परिस्थितीत फ्लोरा यांनी सात वर्षे पेढी चालविली. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. ज्या संपत्तीतून घराण्याचे दानधर्म उभे राहिले, तिचा मोठा भाग अफूच्या व्यापारातून आलेला होता आणि फ्लोरा यांचा कारभारही त्यास अपवाद नव्हता. स्त्रीच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही.

साथीच्या रोगांच्या काळातील त्यांची भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्रथम पटकीवर आणि पुढे १८९७ मध्ये मुंबईत प्लेगवर लस तयार केली. सुई टोचण्याविषयी लोकांच्या मनात भय व संशय होता. सक्तीच्या तपासण्यांमुळे सरकारवरील अविश्वासही वाढला होता. अशा वेळी फ्लोरा यांनी हाफकिन यांच्या कार्यास उघड पाठिंबा दिला, स्वतः लस टोचून घेतली आणि हिंदू व मुसलमान शहरवासीयांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. सरकारी हुकमापेक्षा ओळखीच्या, प्रतिष्ठित स्त्रीचे उदाहरण लोकांना अधिक विश्वासार्ह वाटणे स्वाभाविक होते.

१९०१ मध्ये पेढीचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि निर्णयाचे केंद्र लंडनकडे सरकले. त्याच वर्षी फ्लोरा मुलांसह इंग्लंडला गेल्या. धाकट्या कन्येची नाजूक प्रकृती हे या स्थलांतराचे एक कारण सांगितले जाते. परंतु पेढीची पत्रे अभ्यासून जोसेफ ससून यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घराण्याच्या इतिहासात, पुरुष भागीदारांना त्यांचे नेतृत्व रुचले नव्हते व त्यांना बाजूला सारण्यात आले, असे प्रतिपादन केले आहे. मुलीसाठी आईने घेतलेला निर्णय आणि सहकाऱ्यांनी केलेली कोंडी ही दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. मात्र पहिले कारण कुटुंबाच्या आठवणीत राहिले व दुसरे कागदपत्रांत पडून राहिले, यातच स्त्रियांच्या इतिहासलेखनाची अडचण दडलेली आहे.

लंडनमधील जीवन आणि विद्याव्यासंग :

लंडनच्या ब्रूटन स्ट्रीटवरील त्यांचे घर हे विद्वान, रब्बी आणि पौर्वात्य ज्यू पाहुण्यांचे भेटीचे ठिकाण बनले. इतर अनेक नातलगांचा धर्माचार शिथिल झाला, पण फ्लोरा यांनी शब्बाथ व कोशेर आहाराचे नियम अखेरपर्यंत कसोशीने पाळले. प्रवासातही त्या सामुदायिक प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा पुरुष आणि शास्त्रोक्त पद्धतीने पशुवध करणारा शोहेत सोबत नेत. १९१० मध्ये त्यांनी मुलासह पूर्वजांच्या बगदादचा प्रवास केला.

१९२४ मध्ये रब्बींना प्रशिक्षण देणाऱ्या लंडनच्या ज्यूज कॉलेजच्या वार्षिक समारंभाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. मध्ययुगीन भाष्यकार राशी यांच्यावरील त्यांचा अभ्यासपूर्ण लेख १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. आईची ज्ञाननिष्ठा मुलातही उतरली. डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०-१९४२) यांनी हिब्रू हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला व त्याची 'ओहेल डेव्हिड' ही सूची १९३२ मध्ये प्रकाशित केली. बगदादच्या ज्यूंचा इतिहासही त्यांनी लिहिला, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्या रेचल यांचा विवाह कलकत्त्याच्या एझ्रा घराण्यात झाला. अशा रीतीने भारताशी असलेला कुटुंबाचा संबंध टिकून राहिला. १९३६ मध्ये लंडन येथे फ्लोरा यांचे निधन झाले.

मूल्यमापन :

फ्लोरा ससून यांच्या समकालीन महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन स्थापन केले होते आणि डॉ. रखमाबाई विलायतेतून वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या होत्या. या स्त्रियांनी रूढीशी उघड संघर्ष केला. फ्लोरा यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी रूढीला आव्हान न देता, पत्नी, विधवा व माता या भूमिकांनी दिलेल्या अधिकाराचा विस्तार केला. अर्थात या मार्गाला अपार संपत्तीचा आधार होता, हे विसरता येत नाही. तसेच त्याची मर्यादाही १९०१ मध्ये स्पष्ट झाली. कुटुंबाच्या नावाने मिळालेला अधिकार कुटुंबानेच काढून घेतला, तेव्हा त्यास दाद मागण्याची जागा नव्हती.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, फ्लोरा ससून यांना केवळ धर्मनिष्ठ गृहिणी वा अतिथ्यशील यजमानीण म्हणून ओळखणे अपुरे आहे. पेढीचा कारभार, लसीकरणाचा पुरस्कार आणि धर्मग्रंथांचा अभ्यास ही त्यांच्या एकाच निष्ठेची तीन रूपे होत. पेढीचे दार बंद झाल्यावर त्यांनी ग्रंथांचे दार उघडले व अखेरपर्यंत आपल्या समाजाशी नाते राखले. मुंबईच्या आर्थिक इतिहासात त्यांच्या त्या सात वर्षांची नोंद होणे, हे त्यांच्यावरील उपकार म्हणून नव्हे, तर तो इतिहास पूर्ण होण्यासाठी आवश्यक आहे.